मॅथ्यूज, सर स्टॅन्ली

(१ फेब्रुवारी १९१५ – २३ फेब्रुवारी २०००). विख्यात इंग्रज फुटबॉलपटू. जन्म स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हॅन्ली भागात. वडील जॅक पेशाने न्हावी. मुष्टियोद्धा म्हणूनही त्यांचे गावात नाव होते. पहाटेचा व्यायाम व दीर्घश्वसन ही मॅथ्यूजची जन्मभराची सवय त्यांनीच लावलेली. पंधराव्या वर्षी तो स्टोक सिटी संघाच्या कचेरीत हरकाम्या म्हणून लागला आणि १९३२ मध्ये सतरावा वाढदिवस होताच व्यावसायिक खेळाडू झाला. त्याचा शेवटचा लीग सामना ६ फेब्रुवारी १९६५ रोजी फुलमविरुद्ध झाला. त्याला पन्नाशी गाठून तेव्हा पाच दिवस झाले होते. अधले सात हंगाम महायुद्धापायी लीग बंद असल्याने त्याच्या सामन्यांची बेरीज निरनिराळी दिली जाते. लीग सामने सुमारे ७०० मानणे सोयीचे.

तो उजव्या बगलेवर, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या बोलीतल्या ‘राइट आउट’च्या जागी, सात क्रमांकाच्या जर्सीत खेळे. त्याची प्रसिद्ध हुलकावणी वर्णनात फार साधी वाटते. चेंडू पायाशी ठेवून तो बचावपटूसमोर जवळजवळ चालत येई आणि अंग डावीकडे झुकवी. बचावपटूचा तोल त्या बाजूला गेला की उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू उजवीकडे सारून तो निसटे. प्रतिस्पर्ध्यांना ही युक्ती ठाऊक असे, तरी ते फसत. खरी करामत हुलकावणीपेक्षा तिच्यानंतरच्या पहिल्या दहा पावलांच्या वेगात होती, असे मानण्यास जागा आहे. एवढ्या वर्षांत पंचांनी त्याला एकदाही ताकीद दिली नाही.

१९३३ मध्ये स्टोकने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. इंग्लंडकडून तो १९३४ मध्ये वेल्सविरुद्ध प्रथम खेळला. १९३८ मध्ये त्याने संघ सोडू देण्याची मागणी करताच स्टोकमध्ये निषेधसभा भरली. तिला तीन हजारांवर माणसे जमली आणि तो थांबला. संघ बदलून कमाई वाढण्याचा प्रश्न तेव्हा फारसा नव्हताच. कमाल वेतनाच्या नियमामुळे त्या काळी नामांकित खेळाडूलाही हंगामात आठवड्याला आठ पौंडांहून अधिक देता येत नसे. ही मर्यादा वाढत वाढत वीस पौंडांवर गेली आणि १९६१ मध्ये उठली. १९४७ मध्ये ब्लॅकपूलने त्याच्यासाठी ११,५०० पौंड मोजले, ते स्टोकच्या तिजोरीत गेले.

ब्लॅकपूलकडून १९४८ व १९५१ चे एफए कप (इंग्लंडमधील बाद पद्धतीची चषकस्पर्धा) अंतिम सामने तो हरला. २ मे १९५३ रोजी वेम्बलीवर बोल्टन वाँडरर्सविरुद्ध झालेला तिसरा सामना ‘मॅथ्यूज फायनल’ म्हणून ओळखला जातो. हे नाव कितपत रास्त, याविषयी मतभेद आहेत. ब्लॅकपूल १-३ असे मागे पडले होते. सामना ४-३ असा जिंकला. चारपैकी तीन गोल स्टॅन मॉर्टेन्सनच्या नावावर आहेत. त्यांतला पहिला बोल्टनच्या हॅरल्ड हॅसलला लागून जाळ्यात गेल्याने तो हॅसलचा स्वयंगोल धरावा, असा एक पक्ष आहे. प्रचलित नोंदी मॉर्टेन्सनच्या बाजूने आहेत आणि फटका मुळात गोलाच्या दिशेने असेल तर त्यांचेच ग्राह्य मानावे. दुसरा गोल मॅथ्यूजच्या क्रॉसवर, गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटल्यावर झाला; तिसरा थेट फ्री किकवर. अखेरच्या क्षणी मॅथ्यूजने गोलरेषेपर्यंत मुसंडी मारली, घसरता घसरता चेंडू मागे ढकलला आणि दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या बिल पेरीने चौथा गोल केला.

बोल्टनची बाजूही पाहिली पाहिजे. त्यांचा लेफ्ट हाफ (मधल्या फळीतला डावीकडचा खेळाडू) एरिक बेल सुरुवातीलाच जायबंदी झाला होता. बदली खेळाडूची मुभा इंग्लिश लीगमध्येही १९६५ पर्यंत नव्हती, तेव्हा लंगडत्या बेलला बगलेवर उभे करून हॅसलला मागे यावे लागले. पुढे लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, राल्फ बँक्सच्या पायात पेटके आले. म्हणजे मॅथ्यूज ज्या बाजूने चढाई करी, नेमकी तीच बाजू खिळखिळी झाली होती. (त्याच लंगड्या पायानिशी बेलने हेडरने गोल केला, हे सहसा विसरले जाते.) मॅथ्यूजला स्वतःलाही हे नाव पसंत नव्हते; श्रेय तो मॉर्टेन्सनला देई.

‘फ्रान्स फुटबॉल’ नियतकालिकाचा, युरोपातील सर्वोत्तम खेळाडूसाठीचा पहिला बॅलन डी’ऑर १९५६ मध्ये त्याला मिळाला, दुसऱ्या क्रमांकावरील आल्फ्रेदो दी स्तेफानोहून त्याला तीनच गुण अधिक होते. १९५७ मध्ये, बेचाळीसाव्या वर्षी, तो डेन्मार्कविरुद्ध इंग्लंडकडून अखेरचा खेळला (एकूण ५४ सामने, ११ गोल).

ऑक्टोबर १९६१ मध्ये तो स्टोकला परतला. आधीच्या घरच्या सामन्याला ८,४०९ प्रेक्षक होते. त्याच्या पुनरागमनाला ३५,९७४. १९६३ मध्ये संघाने पुन्हा दुसरी श्रेणी जिंकली, पहिल्या विजेतेपदानंतर बरोबर तीस वर्षांनी. १९६५ मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला. पुढे त्याने पोर्ट व्हेल संघाचे व्यवस्थापन केले. त्या काळात नियमबाह्य रकमा दिल्याच्या ठपक्यावरून संघावर लीगने कारवाई केली. दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथे वर्णभेदाच्या काळात त्याने कृष्णवर्णीय मुलांना फुटबॉल शिकवला आणि १९७५ मध्ये त्यांचा संघ ब्राझीलला नेला.

त्याच्या अस्थी स्टोक सिटीच्या नव्या मैदानाच्या मध्यवर्तुळाखाली पुरल्या आहेत.