सैद्धांतिक संगणकशास्त्रात पीएचडी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतं. पदवी संगणकशास्त्राचीच हवी असं नाही, ही शाखा म्हणजे संगणनाचा गणिती अभ्यास, त्यामुळे गणिताचे पदवीधरही इथे सर्रास येतात. अल्गोरिदम, डिस्क्रीट मॅथ्स, प्रॉबॅबिलिटी, लिनिअर अल्जिब्रा हे विषय पक्के हवेत. कोडिंगची प्रमाणपत्रं इथे फारशी कामाची नाहीत.

अमेरिकेत अर्ज विभागाकडे जातो आणि निवड समिती करते. मुदत साधारण डिसेंबरात संपते. आर्थिक मदतीसह ऑफर आली, तर उत्तरासाठी बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. युरोपात पुष्कळदा प्राध्यापकाला मिळालेल्या निधीतून जागा निघते, जाहिरात वर्षात केव्हाही येते आणि सगळा मामला नोकरीच्या अर्जासारखा असतो.

गुणपत्रकं, सीव्ही, स्टेटमेंट ऑफ पर्पज (कशावर आणि का संशोधन करायचंय हे सांगणारं निवेदन), दोन-तीन शिफारसपत्रं आणि गरज असेल तिथे टोफेल किंवा आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा, एवढी कागदपत्रं लागतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे, तरी विभागाचं पान वाचून खात्री करा.

यात सगळ्यात जड कागद शिफारसपत्राचा. थिअरीच्या, म्हणजे या शाखेतल्या, पेपरवर लेखकांची नावं आडनावाच्या वर्णानुक्रमाने छापायची रीत आहे. त्यामुळे कोणी किती काम केलं हे नावांच्या क्रमावरून कळत नाही; ते सांगतो तो तुमचा गाइडच. ‘वर्गात पहिला आला’ एवढंच लिहिणाऱ्या विभागप्रमुखापेक्षा ‘या लेमाची (मोठ्या सिद्धतेतल्या छोट्या प्रमेयाची) सिद्धता याने स्वतः शोधली’ असं लिहू शकणारे साधे प्राध्यापक कधीही बरे. त्यांना महिनाभर आधी विचारा आणि सोबत सीव्ही, कामाचा गोषवारा द्या. पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न अमेरिकी अर्जात असतो. सोडलेला चांगला, कारण तुम्ही न वाचलेल्या पत्रावर समितीचा विश्वास जास्त बसतो.

स्टेटमेंटमध्ये बालपणापासूनच्या संगणकाच्या आवडीला जागा देऊ नका. कोणता प्रश्न हाताळला, कोणती युक्ती लावून पाहिली, ती कुठे अडली, ते लिहा. न सुटलेला प्रश्नही चालतो. झटपट तपासता येणारं उत्तर झटपट शोधताही येतं का, हा ‘पी विरुद्ध एनपी’ प्रश्न १९७१ पासून तसाच पडून आहे! स्टॉक (STOC) किंवा फॉक्स (FOCS) या थिअरीच्या मोठ्या परिषदांमध्ये पेपर असेल तर उत्तमच, पण पदवीधराकडून तशी अपेक्षा नसते. माहीत असलेल्या निकालाची सोपी सिद्धता किंवा नीट लिहिलेला प्रबंधही दाखवता येतो. प्राध्यापकांची नावं घालण्याआधी त्यांचे अलीकडचे पेपर अर्काइव्ह (arXiv) या पेपरांच्या खुल्या संग्रहात किंवा डीबीएलपी (DBLP) या पेपरांच्या सूचीत पाहा. क्रिप्टोग्राफीवाले म्हणून ज्यांचं नाव घ्याल, ते एव्हाना क्वांटम संगणनाकडे वळलेले असू शकतात.

अर्जाचं शुल्क परवडत नसेल, तर माफीची विनंती मुदतीच्या बरीच आधी करावी लागते. ऑफर आल्यावर फी माफ आहे का, स्टायपेंड किती वर्षं मिळणार आणि त्याबदल्यात किती शिकवावं लागेल, हे लेखी मागून घ्या.