केस पोलादाची धार कशी मोडतो?

दाढीचं ब्लेड पोलादाचं असतं आणि केस त्याच्यापेक्षा सुमारे 50 पट मऊ. तरी काही दिवसांतच ब्लेड ओढायला लागतं, गालाची आग होते. कठीण वस्तू मऊ वस्तूला झिजवते हे आपण शाळेपासून ऐकत आलो. मग इथे उलटं कसं होतं?

2020 साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडने केस कापून पाहिले. धार घासून हळूहळू गोल होत असेल, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात धारेचे टवके उडत होते. केस ताठ उभा आणि ब्लेडला काटकोनात असेल, तर धारेला काही होत नव्हतं. पण केस वाकला आणि धारेला तिरका भिडला, की त्याच्या कडेपाशी टवका निघायचा. पोलाद आतून एकजिनसी नसतं. सूक्ष्म पातळीवर कुठे जास्त कडक, कुठे जरा नरम. अशा सांध्यावर आधीचीच एखादी बारीक खाच असली, तर सगळा ताण तिथे एकवटतो. केस पोलादाला घासत नाही, त्याचा कच्चा दुवा शोधतो. मला हे फार विलक्षण वाटतं.

सुरीची गोष्ट वेगळी. तिची धार पुष्कळदा झिजण्याआधीच मुडपते. दिव्याखाली धार वर करून धरा. चांगली धार दिसतच नाही, कारण उजेड परतवायला तिथे जागाच नसते. बोथट झाली असेल तिथे मात्र चकाकणारी बारीक रेघ दिसते: ती मुडपलेली किंवा चपटी झालेली कड. लाकडाचा पाट थोडा दबतो, चिनी मातीची बशी दबत नाही, म्हणून बशीत कापलं की धार लवकर जाते. पोलादी कांडीवरून सुरी फिरवली की मुडपलेली कड बरीचशी सरळ होते. आंबट रस आणि ओल यांनी धार गंजते ती वेगळीच.

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, मामला उष्णतेचा असतो. सोलून निघणारी चिप (धातूची साल) टूलच्या, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या, माथ्यावरून प्रचंड दाबाखाली सरकते. तिचा तो पृष्ठभाग नुकताच उघडा पडलेला, हवाही न लागलेला. असा कोरा धातू टूलला चक्क चिकटतो. चिकटलेला थर सुटताना टूलचे कण उपटून नेतो. कामाच्या धातूतले कडक कण टूलची बाजू खरवडतात ते निराळंच. वेग वाढवला की तापमान इतकं चढतं, की टूलमधले अणूच चिपमध्ये मुरायला लागतात. त्यामुळे टूलच्या माथ्यावर खळगा पडतो आणि गंमत म्हणजे तो थेट धारेवर नसून किंचित मागे असतो, कारण सर्वांत जास्त ताप तिथे असतो. खळगा वाढत धारेपर्यंत आला की धार ढासळते.

हा वेगाचा हिशेब अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी मांडला. सुमारे 26 वर्षं ते प्रयोग करत होते. त्यात 8 लाख पौंडांहून जास्त लोखंड-पोलादाच्या चिपा झाल्या आणि 1906 साली त्यांनी निष्कर्ष सादर केले. कापण्याचा वेग आणि टूलचं आयुष्य यांना जोडणाऱ्या त्यांच्या सूत्रात प्रत्येक टूल-पदार्थासाठी एक आकडा, घातांक, असतो. तिथे कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या टूलचा, म्हणजे कारागिरांच्या ‘विडिया’चा, नेहमीचा घातांक घालून पाहा. वेग फक्त 20 टक्के वाढवला तरी टूलचं आयुष्य निम्म्यावर येतं. हायस्पीड स्टील या टूलसाठीच्या खास पोलादाला तर 10 टक्केच पुरतात! म्हणून टूल लवकर जातंय अशी तक्रार आली, की मी आधी वेग बघायला सांगेन, टूलचा दर्जा नंतर.

मग सर्वांत कठीण पदार्थच वापरला तर? हिरा ॲल्युमिनियम आणि तांबं सुरेख कापतो, पण पोलादाला लावला की भराभर झिजतो. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन आणि तापलेलं लोखंड कार्बनला आपल्यात ओढून घेतं. म्हणून कडक पोलादासाठी क्यूबिक बोरॉन नायट्राइड हा बोरॉन आणि नायट्रोजनचा अतिकठीण पदार्थ वापरतात. ते हिऱ्यापेक्षा मऊ आहे, पण लोखंडात सहजी विरघळत नाही.