जुना सबवूफर, छोटे स्पीकर आणि मधला सांधा

5 इंची ड्रायव्हरचा (आवाज काढणाऱ्या भागाचा) छोटा बुकशेल्फ स्पीकर गाणं, सतार, व्हायोलिन छान वाजवतो, पण साधारण 70 हर्ट्झच्या (सेकंदाला 70 कंपनांच्या) खाली त्याचा आवाज झपाट्याने पडतो. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली की कोनला (ड्रायव्हरच्या शंकूसारख्या पडद्याला) चौपट पुढेमागे हलावं लागतं. 80 हर्ट्झला 1 मिलिमीटर हलणारा कोन 40 हर्ट्झला 4 मिलिमीटर हलायला हवा, आणि छोट्या ड्रायव्हरमध्ये तेवढी जागाच नसते. बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर 41 हर्ट्झचा. छोट्या स्पीकरमधून तो मूळ सूर जवळपास येतच नाही, ऐकू येतात ते त्याचे वरचे उपस्वर.

हे खालचं सप्तक भरायला 8 किंवा 10 इंची जुना पॉवर्ड सबवूफर (सब), म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा आणि आतच ॲम्प्लिफायर (ॲम्प) असलेला स्पीकर, पुरेसा आहे. 12 बाय 10 फुटांच्या खोलीत त्याहून मोठ्याचा हट्ट नको. इथे वॉटच्या आकड्यापेक्षा स्पीकर आणि सब यांचा सांधा कसा जुळतो, यावर सगळं अवलंबून असतं.

घेताना आधी मागची बाजू बघा. विजेची वायर आणि क्रॉसओव्हरचं (सबने कुठल्या वारंवारतेपर्यंत वाजायचं ते ठरवणारं) बटण नसेल, तर तो बहुधा होम थिएटर सेटमधला पॅसिव्ह सब आहे. त्याला वेगळा ॲम्प लागेल, म्हणून तो सोडून द्यावा. अमेरिकेतून कुणी आणलेला सब 120 व्होल्टचा असू शकतो. मागे व्होल्टेज निवडायचा स्विच नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागेल, थेट 230 वर लावला की जळालाच म्हणून समजा.

मग जाळी काढून कोनच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून पाहा. दमट हवेत जुना फोम भुसभुशीत होतो आणि बोटाला चिकटतो, रबराची कडा जास्त टिकते. बोटं पसरून कोन सरळ आत दाबा. खरखर लागली तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) घासते आहे. कडा बदलून मिळते, कॉइलचं काम मात्र सहसा परवडत नाही. शेवटी काहीही न जोडता सब सुरू करा. खोलीभर घुमणारी गुणगुण आली तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ते सहज मिळतात. 105 अंश सेल्सिअस सोसणारे घ्या, मायक्रोफॅरड मूळचेच आणि व्होल्टेज तितकंच किंवा जास्त. सब मधूनच बंद पडत असेल तर बोर्डावर कपॅसिटरच्या बुडाशी लावलेला गोंद तपासून घ्या. काही जातींचा गोंद वर्षानुवर्षं तापून तपकिरी होतो आणि त्यातून वीज झिरपू लागते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो.

जोडणीत सगळ्यात महागडी चूक छोट्या क्लास-डी (स्विचिंग पद्धतीच्या, कमी तापणाऱ्या) ॲम्पबाबत होते. ॲम्पला सब-आउट असेल तर एका आरसीए (गोल पिनेच्या) केबलमध्ये काम संपतं. नसेल तर ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलपासूनच दुसरी वायर सबच्या स्पीकर-लेव्हल इनपुटला न्यायची, डावं-उजवं दोन्ही. हे इनपुट अगदी कमी विद्युतप्रवाह घेतं, त्यामुळे बारीक वायरही चालते. पण टीपीए 3116 सारख्या चिपवरच्या स्टीरिओ ॲम्पमध्ये काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, त्यावरही सिग्नल असतो. अनेक सबमध्ये मात्र दोन्ही काळी टर्मिनल आतून ग्राउंडला जोडलेली असतात. अशी जोडी लावली की ॲम्पचं आउटपुट शॉर्ट होतं. म्हणून आधी ॲम्प बंद करून, सगळ्या वायरी काढून, ॲम्पचं प्रत्येक काळं टर्मिनल आणि ॲम्पच्याच आरसीए सॉकेटचं बाहेरचं कडं यांच्यातला रोध मल्टिमीटरने मोजा. डाव्या-उजव्या दोन्ही टर्मिनलांना तो शून्याजवळ आला तरच अशी जोडणी करा. नाहीतर डॅकच्या (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या डब्याच्या) आउटपुटला वाय-केबल लावून एक फाटा ॲम्पला, एक सबला द्या, आणि आवाज फोनवरून किंवा डॅकवरून कमी-जास्त करा.

आता सांधा. स्पीकर 70 ला पडत असेल तर क्रॉसओव्हर 70 पासून सुरू करा. बटणावरचे आकडे अंदाजाचेच असतात. 100 च्या वर गेलात की सबची जागा कानाला कळू लागते आणि पुरुषाचा आवाज कोपऱ्यातून आल्यासारखा वाटतो. 80 हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे 4.3 मीटर लांब असते. सब स्पीकरपेक्षा 2 मीटर दूर असेल तर त्याची लहर जवळजवळ अर्धी मागे पडते, दोघं एकमेकांना मारतात आणि नेमक्या सांध्यावर खड्डा पडतो. त्यासाठी सबवर फेजचा, म्हणजे लहर उलटवण्याचा, स्विच असतो. फोनवरून क्रॉसओव्हरच्या वारंवारतेचा सूर लावा, नेहमीच्या जागी बसा, आणि 0 व 180 यांपैकी जिथे सूर मोठा ऐकू येईल ते ठेवा. फेजचं फिरतं बटण असेल तर आणखी अचूक जुळवता येतं. ॲम्प बंद करून दोन्ही स्पीकरच्या वायरी उलट करा, सूर सगळ्यात बारीक होईपर्यंत बटण फिरवा, मग वायरी पुन्हा सुलट करा. वाढलेल्या सुरापेक्षा बुडालेला सूर कानाला लवकर कळतो.

बहुतेक स्वस्त सब स्पीकरवरचा खर्जाचा भार काढून घेत नाहीत. प्रीॲम्प (आवाज कमी-जास्त करणारा) आणि पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा) वेगळे असतील तर उपाय अगदी स्वस्तात होतो. पॉवर ॲम्पच्या इनपुटचा रोध 20 किलोओहम असेल तर प्रत्येक चॅनलच्या सिग्नल वायरमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घाला, 10 किलोओहमला 0.22. पहिला सुमारे 80 हर्ट्झपासून खालचं उतरवत नेतो, आणि 40 हर्ट्झला कोनची हालचाल निम्म्याहूनही कमी होते. सबचा सिग्नल मात्र कपॅसिटरच्या आधीच काढायला हवा, नाहीतर त्याचाही खर्ज कापला जाईल.

खोलीलाही स्वतःचे सूर असतात. 12 फूट लांबीत 47 हर्ट्झच्या आसपास लहर उभी राहते आणि तेवढाच एक सूर घुमतो. सब काही वेळ तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासची चढती-उतरती ओळ वाजवा आणि भिंतीच्या कडेने कान जमिनीजवळ नेत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सब ठेवा.

पातळी नेहमीच्या आवाजातच ठरवा. आवाज कमी केला की कानाला खर्ज इतर सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं. म्हणून रात्री हळू ऐकताना सब थोडा वाढवावा लागतो. बटणाशेजारी मार्करने दिवसाची आणि रात्रीची अशा दोन खुणा करून ठेवल्या की रोज नव्याने शोधत बसावं लागत नाही.