बोगनवेल की पानांचा निवडुंग? काट्याच्या बुडाशी बघा

पेरेस्किया अक्युलिआटा हा पानांचा निवडुंग आणि बोगनवेल, दोन्ही फुलांवर नसतील तेव्हा गल्लत होणं अगदी साहजिक आहे. दोघींचं माहेर अमेरिका खंडातल्या उष्ण भागात. दोघींची पानं साधी, एकाआड एक, लंबगोल आणि टोकाशी निमुळती. पानाच्या बेचक्यात दोघींनाही काटे. वर चढायची रीतही एकच: तणावे नाहीत, खोड आधाराला वेढे घालत नाही, नुसत्या लांब लवचिक फांद्या शेजारच्या झाडावर टाकायच्या आणि काट्यांनी अडकून राहायचं. माझ्याकडे पेरेस्कियाची पहिली फांदी ‘पांढरी बोगनवेल’ म्हणूनच आली होती आणि फुलं येईपर्यंत मीही तिला तेच म्हणत होते.

बोगनवेल गुलबक्षीच्या कुळातली. पेरेस्किया मात्र निवडुंग आहे, फड्या निवडुंग ज्या कॅक्टेसी कुळातला त्याच कुळातली. मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. त्रिधारी निवडुंग नावाने निवडुंग, पण कुळाने शेराचा भाऊबंद, म्हणजे युफोर्बिया. आणि जिच्याकडे बघून कुणाच्याही तोंडी निवडुंग हा शब्द येणार नाही, अशी ही पानांनी भरलेली वेल खरी निवडुंग. जाड हिरवं खोड आणि पानांचा अभाव ही निवडुंगाची ओळख नव्हेच. त्याची ओळख काटा कुठून येतो यात आहे.

त्यासाठी हातात भिंग घ्या आणि कोवळी फांदी जवळून बघा. बोगनवेलीच्या पानाच्या बेचक्यात एकच काटा असतो आणि तो थेट खोडातूनच निघालेला दिसतो. त्याच्या बुडाशी लव नाही, गादी नाही, सांधा नाही. हा काटा म्हणजे रूप बदललेली फांदी. बेचक्यातला जो डोळा फुटून डहाळी व्हायचा, तोच टणक आणि टोकदार झाला.

पेरेस्कियाच्या बेचक्यात आधी दिसते ती लवेची एक बारीकशी गादी. हिला एरिओल म्हणतात. एरिओल असते फक्त कॅक्टेसी कुळात, आणि त्या कुळातल्या प्रत्येक जातीत असते. कोवळ्या फांदीवर या गादीतून दोन आखूड काटे जोडीने निघतात, मांजराच्या नख्यांसारखे खाली वळलेले. फांदीवरून बुडाकडे बोट फिरवलं तर ते सहज सरकतं; उलट शेंड्याकडे नेलं की काटा कातडीत रुततो. वेल वर चढते ती या नख्यांच्या जोरावर. इथे रचना बोगनवेलीच्या नेमकी उलटी आहे. तिच्यात फांदीचा काटा झाला. पेरेस्कियात फांदी आखडून गादी झाली आणि त्या गादीवरच्या पानांचे काटे झाले.

गादी जिवंत असते, हा यातला मला सगळ्यांत मोहक वाटणारा भाग. खोड जुनं झालं तरी तीच एरिओल नवे काटे काढत राहते. हे नंतरचे काटे सरळ, लांब आणि झुबक्यांनी येतात, त्यामुळे पेरेस्कियाचं बुंध्याजवळचं खोड काट्यांनी गजबजलेलं असतं. बोगनवेलीच्या बेचक्यातला काटा एकदा आला की आला. त्याच जागी वर्षानुवर्षं भर पडत नाही. म्हणून कोवळ्या फांदीवर शंका उरली तर जुन्या खोडाकडे वळावं.

पानांवरूनही ओळख पटते, पण त्याला थोडा सराव लागतो. बोगनवेलीचं पान पातळ असतं. पेरेस्कियाचं किंचित मांसल, आणि चुरडलं की बोटांना बुळबुळीत लागतं. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात या पानांची भाजी होते. तिथे या वेलीचं नाव आहे ‘ओरा-प्रो-नोबिस’, म्हणजे ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’. नुसती पानं बघून मात्र कुणीही असा प्रयोग करू नये. आधी गादी बघावी.

फुलं आली की वाद मिटतो. बोगनवेलीत ज्याला आपण फूल समजतो ते तीन रंगीत छद, म्हणजे रूप बदललेली पानं असतात आणि प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला एक बारीक नळीसारखं खरं फूल चिकटलेलं असतं. पेरेस्कियाचं फूल उघडंवाघडं: पांढऱ्या, मलईच्या किंवा फिकट पिवळ्या पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचा दाट झुबका, अडीच ते पाच सेंटिमीटर व्यास आणि घमघमणारा वास. अशी फुलं घोसाने येतात. पुढे त्यांची पिवळी-नारिंगी रसाळ फळं होतात आणि कच्च्या फळावर चक्क छोटी पानं चिकटलेली दिसतात. बोगनवेलीचं फळ सुकं. वाळलेल्या छदाला धरून वाऱ्यावर जातं.

इतका फरक असूनही दोघी अगदीच परक्या नाहीत. दोघींची कुळं कॅरिओफायलेलीस या एकाच गणात, म्हणजे कुळांच्या मोठ्या गटात बसतात. या गणातल्या बहुतेक वनस्पतींत लाल-जांभळा रंग इतर झाडांत आढळणाऱ्या अँथोसायनिनऐवजी बीटालेन रंगद्रव्यांचा असतो, बीटात असतो तोच. बोगनवेलीचा भडक किरमिजी रंग त्यातलाच. नावांतही जुळणी आहे, दोन्ही नावं फ्रेंच माणसांवरून पडली: पेरेस्किया हे निकोला-क्लोद फाब्री द पेरेस्क (1580–1637) या विद्वानावरून, आणि बोगनवेल हे दर्यावर्दी बूगँव्हील याच्यावरून.

पेरेस्कियाला पानं आहेत म्हणून तिला पूर्वी सरसकट ‘आदिम निवडुंग’ म्हणत. आता ते तितकं सोपं राहिलेलं नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए-अभ्यासात दिसलं की पानवाल्या निवडुंगांचे दोन वेगळे गट आहेत. एका गटाच्या खोडावर रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं नसतात आणि साल लवकर धरते. 2013 मध्ये त्याला लॉयेनबेर्गेरिया हे वेगळं प्रजातिनाम मिळालं. आपली वेल दुसऱ्या गटातली. तिच्या खोडावर रंध्रं असतात आणि कोवळं खोड बराच काळ हिरवं राहतं. खोडाने श्वास घ्यायची ही तयारी बिनपानांच्या निवडुंगांनी पुढे पूर्णत्वाला नेली, आणि इथे ती पानांच्या आडोशाला दिसते. बोगनवेलीची हिरवी फांदी शेजारी ठेवून हे नुसत्या डोळ्यांना कळणार नाही, पण कलम करताना नातं उघड होतं. पेरेस्कियाच्या खोडावर ख्रिसमस कॅक्टसचं कलम धरतं. बोगनवेलीवर निवडुंग धरत नाही.

ओळख चुकली तर खरा फटका छाटणीनंतर बसतो. बोगनवेलीच्या छाटलेल्या फांद्या कोपऱ्यात टाकल्या तर बहुतेक वाळून जातात. पेरेस्कियाच्या खोडाचे तुकडे ओल्या मातीवर पडले की मुळं धरतात, गळून पडलेलं पानसुद्धा धरू शकतं. दक्षिण आफ्रिकेत ही वेल जंगलातल्या उंच झाडांवर चढून त्यांना झाकोळून टाकते. तिला आवरण्यासाठी तिथे 1991 मध्ये तिची पानं खाणारा भुंगेरा मुद्दाम सोडला गेला, 2014 मध्ये कोंब सुकवणारा एक ढेकणासारखा कीटकही. म्हणून छाटताना लवेची गादी दिसली, तर खाली आधी चादर अंथरा, पडलेलं प्रत्येक पान उचला आणि सगळं कडक उन्हात, मातीपासून वर, पूर्ण वाळेपर्यंत ठेवा.