आपली गोष्ट सांगून बरं होणं: नाव कुणाचं, संमती कुणाची?

व्यसनमुक्तीच्या मीटिंगमध्ये जे ‘शेअरिंग’ चालतं, त्याचं मूळ १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सापडतं. दारूनं पोळलेले एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद तिथे एकमेकांना आपलं आयुष्य सांगत बसले. चार वर्षांनी निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचा मोठा भाग अशाच आत्मकथांचा होता. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ (निनावी मद्यपी) या नावानं ओळखले जाणारे हे गट भारतात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले.

खरा वाद आहे तो नाव न सांगण्याच्या नियमाचा. १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात तो रीतसर स्वीकारला गेला, आणि त्याचे शब्द मर्यादित आहेत: वृत्तपत्रं, रेडिओ आणि चित्रपट यांत सदस्यानं स्वतःची ओळख उघड करू नये. शेजाऱ्याला किंवा डॉक्टरांना सांगायला मनाई कधीच नव्हती. हेतू दोन होते. नव्यानं येणाऱ्याला लाजेपासून आडोसा मिळावा, आणि कुणी एकजण प्रसिद्ध होऊन पुढे पुन्हा प्यायला लागला तर सगळ्या चळवळीचं नाव जाऊ नये. आपल्याकडे मात्र या नियमाचा अर्थ पुष्कळदा ‘बाहेर अवाक्षर काढायचं नाही’ असा घेतला गेला. नाव लपवल्यानं कलंक टिकून राहतो, असं उलट बाजूचे लोक म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही.

पण नाशकात हा प्रश्न निराळाच होऊन बसतो. पंचवटीत किंवा जुन्या नाशकात आडनाव आणि गल्ली सांगितली की माणूस सापडतो. सातपूर-अंबडला कामाला जाणाऱ्याचा मेहुणाही त्याच शिफ्टला असू शकतो. नवऱ्यानं ‘मी बायकोवर हात उचलायचो’ असं कबूल केलं, की त्याचं मन हलकं होतं. बायकोला मात्र दुसऱ्या दिवशी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भाजी घेताना चार नजरा झेलाव्या लागतात. तिची गोष्ट तिला न विचारता सांगितली गेली. मद्यपींच्या घरच्यांसाठी १९५१ पासून अमेरिकेत वेगळी संघटना उभी राहिली, ती उगाच नाही.

चारचौघांत बोलण्याऐवजी लिहिण्याचा मार्ग पुढे आला तो १९८६ च्या एका प्रयोगातून. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिलं. घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, असं दोन्ही लिहिणारे पुढच्या महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा गेले. लिहून झाल्यावर लगेच मात्र त्यांना अधिकच उदास वाटत होतं. १९९९ मध्ये दमा आणि संधिवाताच्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला आणि चार महिन्यांनी काही जणांची प्रकृती सुधारलेली दिसली. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बराच माफक निघाला. लिखाण औषधाची जागा घेत नाही. आघातानंतर लगेच माणसाला एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धत तर उपयोगाची नाही, उलट काहींना अपायकारक ठरते, असं दिसल्यावर तज्ज्ञांनी ती बाजूला सारली. बोलावं कधी, हे ज्याचं त्यानंच ठरवायचं.

याच काळात नाशिक द्राक्षांचं गाव होतं, ते वाइनचंही झालं. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं. वाइन म्हणजे दारू नव्हे, हा युक्तिवाद इथे घरोघरी ऐकू येतो. सोबर राहणाऱ्याला लग्नकार्यात ‘नको’ एवढंच म्हणून सुटता येत नाही. कारण सांगावं लागतं, म्हणजे आपली गोष्टच सांगावी लागते.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही त्याच्या व्याख्येत येतात, आणि उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. ही संमती रुग्णाची. तो स्वतः मोबाइलसमोर बसून बोलू लागला, तर त्याच्या बोलण्यात येणाऱ्या आईची, बायकोची, शाळकरी मुलीची संमती घ्यायला हा कायदा सांगत नाही.