परदेशी डिव्हिडंडवरचं फॉरेन टॅक्स क्रेडिट

परदेशातल्या कंपनीने डिव्हिडंड देताना तिकडेच जो टॅक्स कापून घेतला तो इकडे भारतात रिटर्न भरताना आपल्या टॅक्समधून वजा करून मिळणं, याला फॉरेन टॅक्स क्रेडिट म्हणतात, सीएंच्या ऑफिसात नुसतं एफटीसी. एकाच पैशावर दोन देशांनी दोनदा टॅक्स घेऊ नये एवढंच त्यामागचं तत्त्व. ज्या देशाशी भारताचा दुहेरी टॅक्स टाळायचा करार आहे तिथे आयकर कायदा १९६१ चं कलम ९०, करार नाही तिथे कलम ९१, आणि क्रेडिट कसं द्यायचं ते नियम १२८ मध्ये, जो १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा २०२५ आलाय त्यामुळे कलमांचे नंबर बदललेत, या नोंदीतले नंबर जुन्या कायद्याचे आहेत, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाचे.

कोकणात हा विषय आता घरोघरी नाही तरी वाडीवाडीत पोचलाय. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपनीत काम करून अमेरिकन पॅरेंट कंपनीचे शेअर मिळालेले आणि आता चिपळूण, कुडाळला घरून काम करणारे लोक, गल्फमधून कायमचे परत आलेले, शिपवरून रिटायर होऊन हर्णै-दाभोळकडे स्थायिक झालेले, आणि मोबाईल ॲपवरून अमेरिकन शेअर घेणारी कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं. डिव्हिडंड बहुतेक वेळा दोन-चार डॉलरचा असतो म्हणून लोक सोडून देतात, आणि तिथेच चूक होते, कारण रक्कम लहान असली तरी ती रिटर्नमध्ये दाखवायलाच लागते.

कोणाला मिळतं, कोणाला नाही

आधी बघायचं की तुम्ही त्या वर्षी भारतात रेसिडेंट, म्हणजे टॅक्सच्या नियमाने इथले रहिवासी, आहात का. क्रेडिट रेसिडेंटलाच मिळतं, कारण परदेशी डिव्हिडंडवर भारतात टॅक्स त्यालाच लागतो. शिपवर असलेला माणूस सीडीसीवरच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या, साइन ऑन, साइन ऑफच्या तारखांवरून एनआरआय ठरला तर बाहेर मिळालेला डिव्हिडंड इथे टॅक्सेबलच नाही, मग क्रेडिटचा प्रश्न येत नाही. बरीच वर्षं बाहेर काढून परत आलेल्यांना पहिली एक-दोन वर्षं रेसिडेंट पण नॉट ऑर्डिनरिली असा दर्जा मिळू शकतो, त्यातही बाहेर मिळालेल्या डिव्हिडंडला इथे टॅक्स नाही. ही सवलतीची वर्षं संपली की सगळं जगभरचं उत्पन्न दाखवायचं, आणि आपलं स्टेटस बदललं हेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट, तिकडे टॅक्स कापलाच नसेल तर क्रेडिट कशाचं घेणार. दुबईच्या कंपनीचा डिव्हिडंड पूर्ण येतो, ब्रिटनमधल्या साध्या कंपन्याही डिव्हिडंडवर टॅक्स कापत नाहीत, तिथे भारतातला पूर्ण टॅक्स भरायचा. अमेरिकेचं मात्र वेगळं आहे. परदेशी माणसाला डिव्हिडंड देताना ते ३० टक्के कापतात, ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन फॉर्म भरून आपण भारतातले आहोत हे सांगितलं असेल तर भारत-अमेरिका कराराच्या कलम १० प्रमाणे २५ टक्के. फॉर्म भरला नाही म्हणून ३० टक्के गेले तर वरचे ५ टक्के इथे मिळत नाहीत, कारण क्रेडिट करारातल्या दरापर्यंतच.

कागद कुठला लागतो

अमेरिकन ब्रोकर दरवर्षी मार्चच्या आसपास फॉर्म १०४२-एस देतो. त्यात बघायच्या जागा थोड्याच: पहिल्या चौकटीत उत्पन्नाचा कोड, कंपनीच्या साध्या डिव्हिडंडला ०६, दुसऱ्या चौकटीत कापण्याआधीची पूर्ण रक्कम, ३बी मध्ये दर, २५.०० असा, आणि ७ए मध्ये कापलेला टॅक्स. अडचण अशी की हा फॉर्म जानेवारी ते डिसेंबरचा आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणजे जानेवारी-मार्चमधला डिव्हिडंड पुढच्या १०४२-एसमध्ये दिसणार. त्यामुळे ब्रोकरचं महिन्यावार स्टेटमेंट हाताशी पाहिजेच, प्रत्येक डिव्हिडंडची तारीख, पूर्ण रक्कम आणि कापलेली रक्कम अशी. डिव्हिडंड परत शेअरमध्येच गुंतवला जात असेल, हातात एक रुपया आला नसेल, तरी ते उत्पन्नच आहे. नियमाप्रमाणे पुरावा म्हणून तिकडच्या टॅक्स खात्याचं सर्टिफिकेट चालतं, टॅक्स कापणाऱ्याचं चालतं, नाहीतर स्वतः सही केलेलं स्टेटमेंट टॅक्स कापल्याच्या पुराव्यासकट चालतं.

डॉलरचे रुपये स्टेट बँकेच्या टीटी बाइंग रेटने, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते त्या दराने, करायचे, आणि डिव्हिडंडच्या दिवसाचा नाही तर त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. १५ सप्टेंबरला डिव्हिडंड आला तर रेट ३१ ऑगस्टचा. गूगलवर दिसतो तो रेट टाकू नये, फरक थोडा असतो पण नोटीस आली की हिशोब जुळवताना डोक्याला ताप होतो.

सॉफ्टवेअरमध्ये भरताना

परदेशी शेअर असले की ‘सहज’ नावाचा रिटर्नचा फॉर्म, म्हणजे आयटीआर-१, चालत नाही, आयटीआर-२ किंवा धंदा असेल तर आयटीआर-३. आयकर खात्याची स्वतःची ऑफलाइन युटिलिटी फुकट आहे, क्लिअरटॅक्स किंवा क्विको सारख्या वेबसाइट आहेत, सीए लोक विनमन, कॉम्प्युटॅक्स ही सॉफ्टवेअर वापरतात. कुठलंही घ्या, चार ठिकाणी आकडे एकमेकांना जुळले पाहिजेत. पहिलं शेड्यूल (रिटर्नमधला तक्ता) ओएस म्हणजे इतर उत्पन्न, तिथे पूर्ण डिव्हिडंड, तिमाहीवार, कारण ॲडव्हान्स टॅक्सचं व्याज त्यावरून ठरतं. दुसरं शेड्यूल एफएसआय म्हणजे परदेशातलं उत्पन्न, तिथे देश, तिकडचा टॅक्स नंबर किंवा तो नसेल तर पासपोर्ट नंबर, उत्पन्न, तिकडे भरलेला टॅक्स आणि इथे त्यावर लागणारा टॅक्स. तिसरं शेड्यूल टीआर, त्यात क्रेडिटची बेरीज. चौथा फॉर्म ६७, म्हणजे क्रेडिट मागायचा फॉर्म, तो रिटर्नच्या आत नसतोच, ई-फायलिंग पोर्टलवर वेगळा भरून ई-व्हेरिफाय करायचा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे १०० डॉलरच्या डिव्हिडंडमधून टॅक्स कापून जमा झालेले ७५ डॉलरच उत्पन्न म्हणून टाकणं. उत्पन्न १०० डॉलर आहे, २५ हा भरलेला टॅक्स आहे. दुसरी चूक, एफएसआयमध्ये आकडा भरला म्हणजे उत्पन्नात धरला गेला असं समजणं. एफएसआय नुसती माहिती आहे, ओएसमध्ये नाही टाकलं तर सॉफ्टवेअर ते उत्पन्न धरतच नाही.

आता मुद्द्याचं गणित. क्रेडिट किती, तर तिकडे भरलेला टॅक्स आणि इथे त्या उत्पन्नावर येणारा टॅक्स यातला कमी असेल तो. रेट ८५ रुपये धरला तर १०० डॉलरचे ८,५०० रुपये, तिकडे गेले २,१२५. ज्याचा सरासरी दर (एकूण टॅक्स भागिले एकूण उत्पन्न) २८ टक्के पडतो त्याला इथे २,३८० लागतात, त्यातून २,१२५ वजा, भरायचे २५५. ज्याचा सरासरी दर २० टक्के त्याला इथे १,७०० च लागतात, म्हणून क्रेडिट १,७००, उरलेले ४२५ गेले, ते परत मिळत नाहीत आणि पुढच्या वर्षी ओढून न्यायची तरतूद आपल्याकडे नाही. आणि ज्या रिटायर माणसाचं नव्या पद्धतीत १२ लाखाच्या आत उत्पन्न असून कलम ८७ए च्या रिबेटने, म्हणजे सवलतीने, टॅक्स शून्य झाला, त्याचं क्रेडिटही शून्य. अमेरिकेत कापलेले २५ टक्के इथून रिफंड मिळतील असं सांगून रिटर्न भरायची फी घेणारे आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, गरीब पेन्शनर माणसाला खोटी आशा लावण्यासारखं दुसरं वाईट काम नाही.

बागायतदारांनी एक लक्षात ठेवावं. हापूसचं, सुपारीचं शेतीउत्पन्न करमुक्त आहे पण ते ५,००० च्या वर असेल आणि बाकी उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेवर गेलं तर दर ठरवताना ते मिळवलं जातं. त्यामुळे देवगडच्या आंबेवाल्याचा इतर उत्पन्नावरचा टॅक्स वाढतो, आणि टॅक्स वाढला की क्रेडिटची मर्यादाही वाढते. सॉफ्टवेअरमध्ये शेतीउत्पन्न शेवटी आठवलं म्हणून टाकलं की आधी हाताने भरलेले एफएसआयचे आकडे चुकीचे ठरतात, म्हणून ते आधी टाकून मगच एफएसआयला हात लावावा.

फॉर्म ६७ आणि उशीर

पूर्वी हा फॉर्म रिटर्नच्या मुदतीतच भरायला लागायचा, २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर रिटर्न वेळेत किंवा बिलेटेड (मुदतीनंतर) भरलेलं असलं तर असेसमेंट इयर, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष, संपेपर्यंत चालतो. तरी रिटर्नच्या आधीच भरावा, नाहीतर बंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या आयकर खात्याच्या केंद्राकडून, क्रेडिट काढून टाकलेलं कलम १४३(१) चं इंटिमेशन येतं आणि मग कलम १५४ खाली रेक्टिफिकेशन, म्हणजे दुरुस्ती, करत बसायचं. उशीर झालेल्यांसाठी आधार असा की फॉर्म ६७ ही पद्धतीची बाब आहे, तो उशिरा आला म्हणून हक्क जात नाही असं आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळुरू पीठाने २०२१ मध्ये आणि मद्रास हायकोर्टाने २०२३ मध्ये म्हटलंय. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये, भर पावसात किनाऱ्याकडे लाईट जाते, टॉवर बंद पडतो आणि आधारचा ओटीपी येतच नाही.

याच रिटर्नमध्ये शेड्यूल एफए असतं, परदेशी मालमत्तेचं, त्यातले आकडे मात्र कॅलेंडर वर्षाचे, ३१ डिसेंबरपर्यंतचे. डिव्हिडंड आला नाही तरी शेअर आहे म्हणून ते भरायचंच. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात न दाखवल्याबद्दल १० लाखांचा दंड आहे, १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर तो लागत नाही, पण दाखवायची सक्ती तशीच आहे.

उलट्या बाजूचं, म्हणजे रत्नागिरीचा मुलगा अमेरिकेत रेसिडेंट आहे आणि वडिलांनी घेऊन दिलेले भारतीय शेअर त्याच्या नावावर आहेत. भारतात एनआरआय म्हणून त्याचा २० टक्के टीडीएस कापला जातो, वर सेस. तो टर्बोटॅक्स या अमेरिकन रिटर्नच्या सॉफ्टवेअरमध्ये परदेशी टॅक्सच्या भागात पॅसिव्ह हा प्रकार आणि देश भारत निवडतो, आणि सॉफ्टवेअर फॉर्म १११६, म्हणजे तिकडचा क्रेडिटचा फॉर्म, बनवून देतं. तिकडे एकट्याला ३०० आणि जोडीने भरणाऱ्यांना ६०० डॉलरपर्यंत १११६ शिवाय क्रेडिट मिळतं, पण त्यासाठी तो टॅक्स १०९९-डिव्ह (डिव्हिडंडचा अमेरिकन फॉर्म) सारख्या कागदावर दिसायला लागतो आणि भारतीय कंपनी तसा कागद देत नाही, म्हणून १११६ भरावाच लागतो. त्यांच्याकडे न वापरलेलं क्रेडिट एक वर्ष मागे आणि १० वर्षं पुढे नेता येतं.