राल्फ टाउनर : व्हिएन्नात घडलेला हात

15 ऑगस्ट 1969. अमेरिकेतल्या वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाचा पहिला दिवस. अंधार पडल्यावर गायक टिम हार्डिन रंगमंचावर आला. त्याच्या साथीदारांमध्ये गिटारवर अमेरिकन वादक राल्फ टाउनर होते आणि डबल बेसवर त्यांचे जुने मित्र ग्लेन मूर. त्यांचं संपलं आणि त्याच रंगमंचावर पंडित रविशंकर सतार घेऊन बसले, तबल्यावर उस्ताद अल्लारखा. त्या रात्री हे दोन कार्यक्रम एकामागून एक झाले, एवढाच त्यांचा संबंध. पण टाउनर यांची पुढची वीस वर्षं पाहिली तर ही रात्र मला पुन्हा पुन्हा आठवते.

जाझ आणि रॉक यांच्या मिश्रणातून आलेल्या जाझ-रॉकचा इतिहास सांगताना आपण बहुतेकदा विजेपासून सुरुवात करतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘बिचेस ब्रू’ हा अल्बम 1970 चा, गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनचा महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा संच 1971 चा. मोठे अॅम्प्लिफायर, सुसाट ड्रम्स, छातीत घुमणारा आवाज. त्या काळातल्या गिटारवादकांचा ओढा साहजिकच इलेक्ट्रिक गिटारकडे होता. टाउनर या लाटेत होते, तरी त्यांच्या हातात नायलॉनच्या तारांची शास्त्रीय गिटार होती, नाहीतर बारा तारांची अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणारी. या फरकाचं मूळ त्यांच्या शिक्षणात आहे.

टाउनर यांचा जन्म 1 मार्च 1940 चा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या शेहेलिस गावचा. आई पियानो शिकवायची, वडील ट्रम्पेट वाजवायचे. मुलगा दोन्ही वाद्यं लहानपणीच शिकला. ऑरेगन विद्यापीठात तो संगीतरचना शिकत होता तेव्हा पियानोवादक बिल एव्हान्सच्या वादनानं त्याला वेड लावलं. शास्त्रीय गिटार हाती आली ती विशीत, म्हणजे या वाद्याच्या हिशेबानं फारच उशिरा. उशीर झालाय हे ओळखूनच बहुधा त्यांनी थेट व्हिएन्ना गाठलं. तिथल्या संगीत अकादमीत कार्ल शाइट यांच्याकडे ते 1963-64 आणि पुन्हा 1967-68 मध्ये शिकले. ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्याचं संगीत आणि संगीतकार बाख ही शाइट यांची खास जमीन.

या तालमीनं नेमकं काय दिलं? शास्त्रीय गिटारवादक प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, वापरत नाही. उजव्या हाताचा अंगठा खालच्या स्वरांची ओळ चालवतो, बाकीची बोटं त्यावर दुसरी, कधी तिसरी ओळ गुंफतात. प्रत्येक ओळीचा जोर वेगळा, लांबी वेगळी. म्हणजे हा हात मुळातच पियानोच्या रीतीनं विचार करतो. ज्याच्या कानात बिल एव्हान्स मुरलेला होता, त्याला हीच रीत हवी होती. ‘सोलो कॉन्सर्ट’ या 1980 च्या अल्बममध्ये एव्हान्सच्या मैफलींतली आवडती रचना ‘नार्डिस’ आहे. एकटी गिटार वाजते आहे, पण बेसची चाल, मधले स्वरमेळ आणि वरची धून तिन्ही स्पष्ट वेगळी ऐकू येतात. टाउनर समजून घ्यायचे असतील तर मी हीच रचना आधी ऐकवेन.

1968 मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि पुढे पॉल विंटर कॉन्सॉर्ट या वादकांच्या मंडळीत सामील झाले. तिथे हाती आली बारा तारांची गिटार. तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांमध्ये दुसरी तार एक सप्तक वर लावलेली, वरच्या दोन जोड्या एकाच स्वरात. तारा पोलादी. नायलॉनवर घडलेल्या नखांना त्या जड जातात आणि बहुतेक वादक त्यावर सरळ झणकार छेडतात. टाउनर यांनी त्या तारांवरही व्हिएन्नाचीच बोटं चालवली. याच काळात त्यांनी ‘इकारस’ रचली. 1971 मध्ये अपोलो 15 चे अंतराळवीर या मंडळींच्या ‘रोड’ अल्बमची टेप घेऊन चंद्रावर गेले आणि तिथल्या दोन विवरांना त्यातल्या रचनांची नावं दिली. एक नाव अर्थातच ‘इकारस’.

जाझ-रॉकच्या अगदी गाभ्यात टाउनर सापडतात ते वेदर रिपोर्ट या संचाच्या ‘आय सिंग द बॉडी इलेक्ट्रिक’ या 1972 च्या अल्बममध्ये. त्या संचातला सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर याच्या ‘द मूर्स’ या रचनेची सुरुवात त्यांच्या एकट्याच्या बारा तारांनी होते. नंतर अख्खा संच येतो, तरी कानात ती सुरुवातच राहते. मॅकलॉफ्लिनच्या दुहेरी मानेच्या इलेक्ट्रिक गिटारवरही बारा तारा होत्याच. तारा तेवढ्याच, पण नाद निराळ्या जगातला.

विंटर यांच्या मंडळीतूनच चौघे बाहेर पडले आणि ‘ऑरेगन’ हा संच उभा राहिला : टाउनर, मूर, ओबो हे सनईसारखं सुषिरवाद्य वाजवणारे पॉल मॅकँडलेस आणि कॉलिन वॉलकॉट. वॉलकॉट सतार शिकले होते रविशंकरांकडे, तबला अल्लारखांकडे. 1972 पासून ऑरेगनचे अल्बम येऊ लागले. माझ्या मते या संचाचं खरं वेगळेपण इथं आहे. अॅम्प्लिफायरच्या भिंतीसमोर तबला ठेवला की बायाँची (डग्ग्याची) घुमक हरवते आणि तबला चवीपुरता उरतो. नायलॉनची गिटार, ओबो आणि तबला मात्र एका खोलीत, एका आवाजात नांदू शकतात. टाउनर यांनी शांत वाद्य सोडलं नाही, म्हणून तबल्याला या संगीतात मधली जागा मिळाली. मॅकलॉफ्लिन 1975 च्या सुमारास ‘शक्ती’ या संचातून, तबलावादक झाकीर हुसेन यांच्या सोबतीनं, अशाच जागी आले.

8 नोव्हेंबर 1984 रोजी पूर्व जर्मनीतल्या दौऱ्यात मोटार अपघातात वॉलकॉट गेले. वय अवघं 39. संच थांबला. पुन्हा सुरू झाला तेव्हा त्या जागी मुंबईचे त्रिलोक गुर्टू आले. ठुमरी-दादरा गाणाऱ्या शोभा गुर्टू यांचे हे चिरंजीव. शोभाताई बेळगावच्या, त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. तबला आणि ड्रम्स दोन्ही जवळ घेऊन, जमिनीशी टेकून वाजवायची त्रिलोक यांची बैठक आणि पाण्याच्या बादलीत झांज बुडवून तिचा स्वर वाकवण्याची त्यांची युक्ती युरोपच्या श्रोत्यांना चांगलीच लक्षात राहिली. ‘इकोटोपिया’ (1987) हा त्यांचा ऑरेगनसोबतचा पहिला अल्बम.

त्यानंतर 1988 मध्ये त्रिलोक यांनी स्वतःचा ‘उस्फ्रेट’ हा अल्बम काढला. ट्रम्पेटवर डॉन चेरी, व्हायोलिनवर एल. शंकर, गिटारवर राल्फ टाउनर. आणि गायला शोभाताई.